धुक्यातली शाळा-कमिटी

मीटिंगची वही लवकर भरते. ठराव क्रमांक एक, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. पण मीटिंगमध्ये खरं जे घडतं ते त्या वहीत लिहायची सोयच नसते. मग ते आमच्या डोक्यात साठत जातं आणि वेल्ह्याच्या एसटीत शेजारी कुणी ओळखीचं बसलं की बाहेर पडतं.

तोरण्याच्या पोटाशी आमची वाडी. चौथीपर्यंतची सरकारी शाळा, मुलं चौदा. शाळेची कमिटी म्हणजे आम्ही पालकच. काम साधं आहे. शाळेवर लक्ष ठेवायचं, आणि शाळा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यावर जरा जास्त!

*

मी अध्यक्ष कशी झाले ते आधी सांगते.

माझं माहेर भाटघरकडचं. लहानपणापासून धरणाच्या पाण्याकडे तासन् तास बघत बसायची सवय, त्यावरून आईची बोलणीही खाल्ली. सासरी आले तर इथे पाण्याच्या जागी धुकं! श्रावणात ते एका खिडकीतून सरळ वर्गात येतं, फळ्यापाशी जरा थांबतं आणि दुसऱ्या खिडकीतून निघून जातं. पालकसभा चालू होती आणि मी ते बघत बसले होते.

गुरुजींनी विचारलं, "अध्यक्ष कोण होतंय?"

अध्यक्ष म्हणजे शिक्षण खात्याच्या ऑफिसात खेटे. सगळ्यांनी पटापट माना खाली घातल्या. कुणी सतरंजीचे दोरे उपसायला लागलं, कुणी पायाची नखं बघायला लागलं. मान वर होती ती एकटी माझी.

आप्पा म्हणजे आमच्यातले सगळ्यात मोठे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यांची नात तिसरीत आहे. ते म्हणाले, "सुरेखा तयार हाय. कशी ताठ बसलीया बघा!"

टाळ्या वाजल्या तेव्हा मी भानावर आले. मीही टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या कमलवहिनीला विचारलं, "कुणाचा सत्कार चाललाय?"

*

आमच्या शाळेला शिक्षक दोन मंजूर आहेत. प्रत्यक्षात आहेत एक. चार वर्ग एकाच खोलीत, चार भिंतींकडे तोंडं करून बसतात आणि गुरुजी मधोमध फिरत शिकवतात. त्यात ऑफिसला रोज काही ना काही ऑनलाईन माहिती पाहिजे असते, आणि रेंज येते ती फक्त वरच्या टेपाडावर, करवंदीच्या जाळीपाशी. "गुरुजी कुठायत?" असं विचारलं तर पहिलीतलं पोरसुद्धा सांगतं, "रेंजला गेल्यात!"

एकदा सकाळी अकराला वर गेलेले गुरुजी दुपारी तीनला खाली उतरले. कमलवहिनी शाळेत खिचडी शिजवते. त्या दिवशी खिचडी आणि चारही वर्ग तिनंच सांभाळले होते, हातातला डाव खाली न ठेवता. ती वैतागून म्हणाली, "गुरुजी, येवढं काय भरत हुता वो?"

"माहिती मागवलीय. आजच्या आज."

"कसली?"

गुरुजी पायरीवर बसले. चपलेचा चिखल काठीनं काढत म्हणाले, "शिक्षक रोज किती वेळ वर्गात असतात, त्याची."

*

शाळेच्या मागे हात धुवायला नळांची रांग बांधून मिळाली. पाच चकचकीत नळ, खाली टाइल्स, वर रंगीत चित्रं. नव्हतं ते फक्त पाणी. पाइप भिंतीतून बाहेर आला होता आणि हवेतच संपला होता.

एके दिवशी ऑफिसचा निरोप आला, मुलं हात धुतानाचा फोटो पाहिजे, चार वाजायच्या आत. गुरुजींनी पाणी नसल्याचं कळवलं. तिकडून उत्तर आलं, "पाणी नंतर येईल, फोटो आत्ता पाठवा."

मुलांना काय, खेळच! पाच जणांनी नळ सोडले, ओंजळी धरल्या, साबण लावला, कोपरापर्यंत हात चोळले. एकानं दुसऱ्याच्या अंगावर पाणी उडवलं तर त्यानं डोळे मिटून तोंड फिरवलं! मी बाजूला उभी होते. खरं सांगते, माझ्या गालावर थेंब उडाल्यासारखे वाटले आणि मी पदरानं गाल पुसला. एवढं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी एवढा राग आला की रडूच आलं.

आठ दिवसांनी मी आणि कमलवहिनी तोच फोटो मोठा करून ऑफिसात घेऊन गेलो. टेबलावर ठेवून वहिनी म्हणाली, "साहेब, ह्या फोटूत पानी कुठं हाय तेवढं बोट ठिवून दावा. मंग आमी गप घरी जातो."

साहेबांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, पंख्याखाली नेला. महिन्याभरात पाइप टाकीला जोडला गेला.

*

दुसऱ्या शिक्षकासाठी आम्ही ऑफिसात किती वेळा गेलो ते एसटीच्या कंडक्टरला विचारा. ऑफिस कुठलं ते मात्र मला विचारू नका. साहेब म्हणजे शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी, फोटोवालेच. आम्ही गेलो की ते दौऱ्यावर असायचे. "दौरा कुठं?" म्हटलं की क्लार्क आनंदानं सांगायचा, "तुमच्याच भागात!" आम्ही धावतपळत परतीची गाडी धरून वाडीत यावं, तर वाडीत चार गुरं आणि धुकं.

शेवटी आप्पांनी एक शंभर पानी वही आणली आणि पट्टीनं रेघा मारल्या. वर लिहिलं 'हजेरी' आणि खाली एकच नाव घातलं, साहेबांचं. ऑफिसात गेलं की तारीख टाकायची, पुढे 'गैरहजर' लिहायचं आणि क्लार्कची सही घ्यायची. क्लार्क भला माणूस. त्याच्यापुढं दिवसभर वह्याच येतात. तो न बघता सही करायचा आणि वर शिक्काही मारायचा!

सहाव्या फेरीला साहेब सापडले. आप्पांनी वही त्यांच्यापुढं सरकवली. साहेबांनी पानं उलटली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हा काय प्रकार आहे?"

"हजेरी हाय, साहेब," आप्पा अगदी अदबीनं म्हणाले. "आमच्या शाळंत पोरगं तीन दिस लागोपाठ आलं न्हाई, की गुरुजी त्याच्या पालकांना बोलावून घेत्यात. तुमचे पालक कुठं भेटतील?"

क्लार्क टेबलाखाली वाकून पडलेलं पेन शोधत होता. पेन त्याच्या खिशालाच होतं.

*

हजेरीचा गुण आला म्हणायचा! पंधरा दिवसांत ऑर्डर निघाली आणि एका सोमवारी नव्या बाई आल्या.

हे आठवलं की वाटतं, मी ते खरंच पाहिलं का मला स्वप्न पडलं, नक्की सांगता येत नाही. फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला, पण दिसलं काहीच नाही. मग धुक्यातून आधी एक निळी छत्री आली, मग पिवळी पर्स आणि मग बाई. तरुण होत्या, नगरकडच्या. मुलांनी तेरड्याची फुलं दिली, ती त्यांनी दिवसभर टेबलावर पाण्यात ठेवली. फळ्याच्या कोपऱ्यात मोत्यासारख्या अक्षरात वार आणि तारीख लिहिली. पहिली-दुसरीला व्हरांड्यात बसवून एका बेडकाची गोष्ट सुरू केली. गोष्ट निम्मी झाली आणि शाळा सुटली. बाई म्हणाल्या, "उरलेली उद्या!"

मंगळवारी बाई आल्या नाहीत. ऑर्डर फिरली होती. रस्त्याकडच्या कुठल्याशा मोठ्या शाळेत कुणी रजेवर गेलं होतं, तिकडे त्यांना पाठवलं.

माझी श्रावणी तेव्हा दुसरीत होती. जेवता जेवता तिनं विचारलं, "आई, त्या बाई खऱ्या होत्या ना गं?"

मी तिच्या ताटात भात वाढला. म्हटलं, "खऱ्या होत्या की! फळ्यावर बघ, त्यांचं अक्षर आहे."

त्या दिवसापासून मुलांनी फळ्याचा तो कोपरा कुणाला पुसू दिला नाही. गुरुजी उरलेल्या फळ्यावर भागवायचे. महिन्याभरानं साहेब तपासणीला आले, म्हणजे आता यायला लागले होते. आत आल्या आल्या म्हणाले, "गुरुजी, तारीख चुकलीय फळ्यावर!"

श्रावणी उभी राहिली. "चुकली न्हाई, सर. बेडकाचं काय झालं ते कळलं की पुसणार हाय."

*

आणि मग ते पत्र आलं. मुलं कमी आहेत म्हणून आमची शाळा बंद करायची आणि सगळ्यांना ओढ्यापलीकडच्या शाळेत घालायचं. अंतर, एक किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून बघितलं तर खोटंही नव्हतं. पण मध्ये डोंगराची सोंड आहे आणि ओढा आहे, ते पट्टीखाली झाकलं जातं.

पत्रासोबत 'हरकत नाही'चा फॉर्म होता. खाली अध्यक्षांची सही, म्हणजे माझी. सही झाली की शाळेला कुलूप. मला अन्न गोड लागेना. नुसते डोळे मिटले तरी श्रावणी एकटीच धुक्यात चाललेली दिसायची, आणि मी हाक मारली तरी ती मागे वळायची नाही.

साहेब सही घ्यायला स्वतः आले. कमलवहिनीनं आधी त्यांना चहा दिला आणि मग म्हणाली, "सही देतो की. पर आधी एकडाव पोरांसंगं तिथवर चालून या."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "एक किलोमीटर ना? चला!"

आमच्याकडे पोरं वाटेनं पाढे म्हणत चालतात. धुक्यात कोण कुठं आहे ते आवाजावरून कळावं, म्हणून जुनी रीत आहे. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी म्हणायचं, आणि चढ लागला की तोच पाढा पुन्हा पुन्हा. घरापासून आमच्या शाळेपर्यंत चारचा पाढासुद्धा पुरा होत नाही.

बे एके बे करत निघालो. आप्पा काठी घेऊन पुढे, मी मागे, मधे चौदा मुलं आणि साहेब. दहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं, नुसते आवाज चालले होते. खिंड चढेपर्यंत सहाचा झाला, उतरेपर्यंत नऊचा. साहेबांचा एक बूट चिखलात रुतला, तेव्हापासून दोन्ही बूट त्यांच्या हातात होते. ओढ्याशी दहाचा संपला. आप्पांनी एकेकाचा हात धरून पलीकडं उतरवलं, साहेबांचाही.

पलीकडं परत चढ. मुलं गप्प झाली. पाण्याचा आवाज मागे पडला आणि मग काहीच ऐकू येईना. आपण चालतोय की उभे आहोत, तेच मला कळेना.

"गप्प का झालात?" साहेबांचा आवाज आला. जरा घाबरलेला वाटला. "म्हणा की पुढचा!"

"पुढचा शिकवलाच न्हाई, सर," श्रावणी म्हणाली.

मग धुक्यातून साहेबच म्हणायला लागले, "अकरा एके अकरा..." मुलांनी लगेच उचललं. बारा झाला, तेरा झाला, चौदा झाला. आवाज चांगला होता त्यांचा! सतराला त्यांना दम लागला. अठराचा तीनदा म्हटला तरी शाळा दिसेना. मग एकोणीसचा धरला, आणि "एकोणीस सत्ते" म्हणून ते थांबले.

मुलं वाट बघत उभी राहिली.

"एकोणीस सत्ते..." साहेब परत म्हणाले.

श्रावणीनं त्यांचं बोट धरलं. "सर, तुमच्या शाळंत पन बाई नव्हत्या?"

साहेब वाटेतल्या धोंड्यावर बसले. बूट बाजूला ठेवले. पिशवीतून फॉर्म काढून गुडघ्यावर घेतला, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि सहीसाठी माझ्यापुढं धरला. मी वाचल्याशिवाय सही करत नाही. वर 'हरकत नाही'मधलं 'नाही' खोडून 'आहे' केलं होतं. अंतराच्या रकान्यात 'एक किलोमीटर'वर आडवी रेघ मारलेली होती आणि खाली लिहिलं होतं, "पाढे संपतात, शाळा येत नाही."