कडी काढण्याआधी

काहीही समोर येवो, आधी गुडघे टेकायचे, मग हात लावायचा. ही ख्रिस्ती घरातली सवय सासूबाईंनी प्रेमला साळवेच्या अंगी अशी मुरवली होती, की दूध उतू गेलं तरी ती आधी प्रार्थना करायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तिचा नवरा दिवाकर आघाडीवर गेला. झाशीत, ओरछा गेटजवळच्या भाड्याच्या खोलीत ती एकटी उरली. कडी वाजली की काळजात धस्स व्हायचं. दाराशीच गुडघे टेकून मग ती कडी काढायची.

एका दुपारी बाहेरून हाक आली, "बहनजी, तार है!"

ती गुडघ्यांवर बसली. 'प्रभू, ही तार माझ्या घरची नसू दे.' दारावर थाप पडली. ती उठेना. कडी लागलेली आहे तोवर दिवाकर जिवंत आहे, असं तिला वाटत होतं. प्रार्थनेचं तेच वाक्य ती म्हणत राहिली.

शेवटी तिने दार उघडलं. तारवाल्याशेजारी दुर्गा उभी होती, शेजारच्या खोलीतली, दिवाकरच्याच पलटणीतल्या लक्ष्मणची बायको. हातात बंद लिफाफा.

"ताई, इंग्रजीत असेल. वाचून दाखवा ना. कधीची उभी आहे मी."

प्रेमलाची प्रार्थना ऐकली गेली होती. लक्ष्मण गेला होता.

त्या दिवशी तिला आमेन म्हणवलं नाही.

प्रेमलाबाई आता म्हाताऱ्या झाल्या. गुडघे दुखतात, तरी रोज टेकतात. पण कडी वाजली, की आधी दार उघडतात.