विहिरीजवळची बारा झाडं

मोठी आई गेल्याचं मला कचेरीत कळलं. दिवाळी होऊन पंधरवडा उलटला होता. सावनेरहून तिचा गडी सकाळच्या एसटीनं आला, माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, बाई गेल्या." मी हातातली फाईल बांधली, नाडीची गाठ नीट मारली आणि मग उठलो. रडू आलं नाही. त्याची तेव्हा लाजही वाटली नाही, आता वाटते.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मी तीन वर्षांचा असताना माझी आई गेली, आणि बाबा मला तिच्या ओटीत घालून नोकरीच्या गावी निघून गेले. पुढे मोठेबाबाही वारले. सावनेरजवळची संत्र्याची बाग तिनं एकटीनं राखली. बाई काटक, बोलणं तोडून. कुणाला जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं तिला जमलंच नाही. मला ताप असो की शाळेत बक्षीस मिळालेलं असो, तिचा प्रश्न एकच... "जेवला काय गा?"

बहार धरायचा म्हणून आमच्याकडे थंडीत महिना-सव्वा महिना संत्र्याचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, वळतात, पिवळी पडतात. वेळेवर पाणी सोडलं की झाड फुलांनी लदबदतं, घाई केली तर नुसता पाला फुटतो. त्या दिवसांत मोठी आई रोज सकाळी बागेत जायची, एखादं पान न तोडता मुठीत धरायची आणि डोळे मिटून उभी राहायची. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं. पण नागपूरला कॉलेजात गेलो, वनस्पतिशास्त्राच्या वहीत पानाची सुबक आकृती काढली, आणि बागेतलं आपल्याला जास्त कळतं असं मला वाटू लागलं. नाताळच्या सुटीत घरी आलो तर झाडं अगदी केविलवाणी दिसत होती. मोठी आई बाजाराला गेली होती. मी विहिरीवरचं पाण्याचं इंजिन सुरू केलं आणि विहिरीजवळच्या बारा झाडांना पोटभर पाणी पाजलं.

ती आली. झाडांभोवतीची ओली आळी पाहिली. "कोनं देल्लं पानी?"

"मी. मरून राहिली होती झाडं."

"मरून नोती राहिली," ती म्हणाली. "मी पाहून राहिली होती ना त्याईले रोज."

बस, एवढंच. त्या वर्षी सगळी बाग फुलली. ती बारा झाडं तेवढी पाला मिरवत उभी राहिली. येणारा-जाणारा हसायचा, आणि मी त्या बाजूला फिरकायचा नाही.

पुढे मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नापास झालो. तिनं तूप पाठवलं, नवा सदरा पाठवला. मी पुन्हा नापास झालो. तेव्हा ती स्वतः माझ्या खोलीवर आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आता माह्याकडून काई येनार नाही. तुह्यं तू पाय." आणि खरंच काही आलं नाही. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला लागलो, तिथंच भाड्याची खोली घेतली, रात्रीच्या कॉलेजात नाव घातलं. त्या दोन वर्षांत मोठी आई एकदाही दारात आली नाही. गोदामासमोर रामदासची चहाची टपरी होती. तो मधूनमधून दोन-तीन संत्री पुढं करायचा. "ट्रकातून पडली भाऊ, सडून जातीन. खाऊन टाका." परका माणूस एवढं करतो आणि घरचं माणूस... असं मनात म्हणत मी ती खायचो.

नोकरी लागल्यावर सणासुदीला सावनेरला जात राहिलो, पण पाहुण्यासारखा. तिनं विचारायचं, "जेवला काय गा?" आणि मी शहरी मराठीत सांगायचं, "हो, जेवून आलो." पुष्कळदा पोटात कावळे ओरडत असायचे, तरी तेच सांगायचं. यंदाच्या दिवाळीत ती खाटेला खिळली होती. तेव्हाही तिनं तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. ती भिंतीकडे वळली. तीच आमची शेवटची भेट.

तेरवीनंतर काही दिवसांनी कामानिमित्त वाडीला गेलो. टपरी अजून होती. रामदास म्हातारा झाला होता, पण त्यानं मला ओळखलं आणि विचारलं, "मोठ्या आई बऱ्या हायेत ना?"

मी म्हटलं, "तुम्ही त्यांना कसं ओळखता?"

"म्हंजे? त्या तर दर मंगळवारी येत जात. मांगं बाकड्यावर बसत. तोंड उतरलं काय त्याचं, जेवते काय तो, बस हेच विचारत. मी म्हनो, बोलावू काय? तर म्हनत, नको गा. संत्री ठेवून जात. सांगत, माह्यं नाव घेऊ नको."

सावनेरहून नागपूरला येताना वाडी वाटेत लागत नाही. एसटी बदलून, मुद्दाम यावं लागतं... रामदासनं पुढं ठेवलेला चहा तसाच गार झाला.

मला सोडून दिलं, असं मी पंधरा वर्षं धरून बसलो होतो. ती मला रोजच्या पानासारखी पाहून राहिली होती. आणि गंमत अशी की, ताण तिलाही निभला नाही. मला जी घाई भोवली तीच तिनंही केली, फक्त चोरून, दोन-तीन संत्र्यांनी. तिचा मला रागही येतो. माणूस म्हणजे काय झाड आहे? एकदा हाक मारली असती तर काय बिघडलं असतं! पण मीही कधी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

परवा बागेत गेलो. ताणाचे दिवस आहेत. विहिरीजवळची ती बारा झाडं आता जुनी झाली आहेत, इतरांसारखीच मलूल उभी होती. मी एक पान न तोडता मुठीत धरलं, तिच्यासारखे डोळे मिटले. पानातलं मला काही कळलं नाही. खूप भूक लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"नाही जेवलो वं मोठी आई," मी म्हटलं.