वरून टाकलेली सुकडी
आज अंगणवाडीत सुकडी भाजत होते, तो गुळाचा खरपूस वास आला आन् माझं डोकंच फिरलं! मी सातवीत असताना आमच्या गावच्या तलावावर दूध सोसायटीनं कार्यक्रम ठेवलता. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी तलाव खोदला त्यांचा सत्कार, आन् त्या दिवशी तलाव ठणठणीत कोरडा! आमचा आजा त्या दुष्काळात ऐन विशीतला, दिवसभर दगडं फोडायचा. पण जेवणाला आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसांच्या ओंजळीत सुकडी वरूनच टाकायचे, शिवाशिव नको म्हणून. तर सत्काराला चेअरमन म्हणले, "बाबा, फोटोसाठी तवासारखी ओंजळ करा की!" आन् हातभर वरून सुकडी सोडली. आज्यानं झटकन हात मागं घेतले. सगळी मातीत! "आवो बाबा, सांडली की!" आजा म्हणला, "सांडू दे. तवा भूक लई होती म्हणून झेलली. आता ताटात वाढ, न्हाईतर ऱ्हाऊ दे." लोक हसले. का म्हणून हसले रं? "म्हातारं लई तिरसट हाय," चेअरमन म्हणले, पण ताट काय आलं न्हाई. आजा तसाच उपाशी घरी आला. आज अंगणवाडीच्या ताई मायेनं म्हणल्या, "हात कर पुढं, चव बघ." मी म्हणलं, "ताई, वाटीत द्या."