जवळचं वाचायचं कार्ड

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी काचा घासतो. बावीस वर्षं झाली. मला सगळे काचकाका म्हणतात आणि शक्यतो माझ्या नादी लागत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत मी तोंडघशी पडलोय, तेही एकदा नाही.

गोष्ट आमच्या ताईची. ताई म्हणजे पुढे बसून गिऱ्हाइकांचे डोळे तपासणारी. वय सेहेचाळीस, लग्न केलं नाही, राहते धाकट्या भावाकडे. भावाचं घर मोठं, पण ताईची गादी हॉलमध्ये. शेवटचा माणूस टीव्ही बंद करेल तेव्हा घालायची आणि पहिला माणूस उठायच्या आत गुंडाळायची. सहा वर्षं ही बाई जेवणाच्या सुट्टीत काचांच्या रिकाम्या पाकिटांवर काहीतरी खरडत होती. मला वाटायचं, सामानाची यादी करते. निघाली कादंबरी!

तीन प्रकाशकांनी तिला गोड बोलून वाटेला लावलं. मग तिला एक वेबसाइट सापडली. तिथला नियम सरळ होता. साठ दिवसांत तीनशे वाचकांनी आगाऊ पैसे भरून प्रत नोंदवली तर पुस्तक छापणार. दोनशे नव्याण्णव झाले तरी सगळ्यांचे पैसे परत, पुस्तक रद्द.

ती आधी माझ्याकडेच आली. मी म्हणालो, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! आधी पुस्तक दाखवा, मग पैसे मागा. न बनलेल्या वस्तूचे पैसे कुणी देतं का?"

"देतात की," ती म्हणाली. "अर्धे पैसे आगाऊ आल्याशिवाय तुम्ही काचेला हात तरी लावता का, काचकाका?"

मी पुन्हा काच घासायला घेतली. तरी पैसे दिले नाहीत. हट्टी माणूस आहे मी.

वीस दिवसांत एकतीस वाचक झाले. नातेवाईक "वा वा, छान" म्हणून मोकळे झाले. शेजारणीने विचारलं, फुकट कधी वाटणार? एकविसाव्या दिवशी ताईने काय केलं, तर आमचं जवळचं वाचायचं कार्ड खाली उतरवलं.

जवळचा नंबर काढताना गिऱ्हाइकाच्या हातात देतात ते हे कार्ड. वरची ओळ मोठ्या अक्षरात, मग बारीक, आणखी बारीक. आमच्या कार्डावर डोळ्यांची निगा कशी राखावी यावर कायसं छापलेलं होतं. ताईने तिथे स्वतःच्या कादंबरीचं पहिलं पान लावलं. वर मोठ्या अक्षरात: 'ज्या दिवशी आईने घराचं कुलूप बदललं, त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर होतो.' मग अक्षरं लहान होत होत घरातले एकेक जण दारापर्यंत यायचे, आपापली चावी लावून बघायचे, हाका मारायचे. आणि अगदी शेवटची, मुंगीएवढी ओळ: 'तेवढ्यात आई खिडकीत आली आणि म्हणाली,'

बस्स. कार्ड संपलं.

"अहो, काय म्हणाली?" लोक विचारायचे. ताई शांतपणे नंबर लिहायची आणि म्हणायची, "पुस्तकात आहे. पण पुस्तक अजून छापायचंय."

एक आजोबा दोनदा येऊन डोळे तपासून गेले. एका बाईने कार्ड वाचलं आणि डोळे पुसले. मी मागून ओरडलो, "नंबर चुकेल ना ओल्या डोळ्यांनी!" नोंदण्या वाढायला लागल्या. ऐंशी, एकशे चाळीस, दोनशे.

मग मालकाला कळलं. आमचा मालक म्हणजे नाकावर राग. कार्ड हातात घेऊन गरजला, "हे दुकान आहे की वाचनालय? जुनं कार्ड लावा आधी!"

ताई जागची उठलीसुद्धा नाही. "वीस वर्षं ते कार्ड इथे होतं. त्यातली एक ओळ सांगा, हे आत्ता काढते."

मालकाने वर पाहिलं, खाली पाहिलं, गल्ल्याकडे पाहिलं. "एक जरी गिऱ्हाईक चष्मा न घेता गेलं," तो म्हणाला, "तर कार्ड जाईल आणि तूही जाशील."

"चालेल," ताई म्हणाली. आणि कार्ड राहिलं.

साठाव्या दिवशी सकाळी आकडा होता दोनशे बासष्ट. अडतीस कमी. त्या दिवशी ताईने एकाच माणसाचा डावा डोळा तीनदा तपासला. आणि दुपारी चारला तिने फोन उघडला तर पुरे तीनशे! मी काचा टाकून बाहेर आलो. मालकाने स्वतःच्या पैशाने चहा मागवला, यावरून काय ते समजा.

ताई मात्र फोनवर यादी खाली खाली सरकवत होती. अडतीस नावं वेगवेगळी आणि पत्ता एकच. तिच्या भावाचं गोदाम.

तिने तिथूनच भावाला फोन लावला. त्याचा आवाज एवढा मोठा की मला पलीकडून ऐकू येत होता. "कळलं का गं? म्हटलं, ताईची एवढी हौस आहे तर होऊन जाऊ दे!"

"पहिलं पान वाचलंस?"

"वेळ कुठे गं मला."

"मग अडतीस प्रतींचं काय करणार?"

"राहतील गोदामात. वेळप्रसंगी भेट द्यायला होतात. अगं, तुझं मन राखलं, एवढं समज ना!"

ताईने फोन ठेवला. लेखकाला नको असलेली नोंदणी परत करायची सोय त्या वेबसाइटवर होती. ती एकेक परत करायला लागली.

"ताई, वेड लागलंय का तुम्हाला!" मी अक्षरशः किंचाळलो. "आज शेवटचा दिवस आहे! छापून घ्या, नंतर काय ते भांडा! सहा वर्षं घातलीत ना यात?"

"म्हणूनच," ती म्हणाली. बोट थांबलं नाही. "मन राखायला त्याने मला हॉलमध्ये गादी दिलीय, काचकाका. तेवढं पुरे. पुस्तक तरी कुणाच्या उपकाराचं नको. अनोळखी माणूस शेवटच्या ओळीपाशी थांबून विचारतो ना, आई काय म्हणाली, तो माझा वाचक. गोदाम माझा वाचक नाही."

चहा तसाच गार झाला. आकडा पुन्हा दोनशे बासष्ट. दुकान बंद होईपर्यंत त्यात एकाची भर पडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पैसे परत गेले.

मला राग आला होता. तिचा, भावाचा, वेबसाइटचा. आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त स्वतःचा. साठ दिवस तिच्या पाठीमागे दहा फुटांवर बसून मी एक प्रत नोंदवली नव्हती. मला वाटलं, आता ही काही दुकानात यायची नाही.

आली. वेळेवर आली. पिशवीतून नवं कार्ड काढलं आणि पहिल्याच्या शेजारी टांगलं. दुसरं पान.

"पुन्हा साठ दिवस मिळतात," ती म्हणाली. "शून्यापासून."

मालक काही बोलायच्या आत मी अॅप्रन काढला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसलो. "एक प्रत लिहा."

"आधी वाचा," ताई म्हणाली. "न वाचता घेणाऱ्याची मी घेत नाही. कालच पाहिलंत."

आता आली पंचाईत. जगाला चष्मे देणाऱ्या या माणसाने स्वतःला कधी चष्मा केला नव्हता. कार्ड हातभर लांब धरलं, तरी मुंग्या. ताईने तपासणीची जड फ्रेम माझ्या नाकावर ठेवली, काचा बदलत गेली, आणि अक्षरं उभी राहिली. पहिलं कार्ड मी वरून खाली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग दुसरं घेतलं. वरची ओळ मोठ्याने वाचली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, मालक होता, सगळे ऐकत होते.

'चावी मागू नका. या घरात माझी खोली कोणती, तेवढं सांगा. मग दार उघडते.'

"सव्वादोन," ताईने माझा नंबर लिहिला. त्याच्या खाली तिने लिहिलं: वाचक, एक.