बोर्डावरचा चौथा मेसेज

माझ्या अंत्ययात्रेला मी साडेतीनलाच पोचले. म्हणजे चांगला अर्धा तास आधी.

झालं असं. मी अंधेरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं ईप्रॉम भरत होते. ईप्रॉम म्हणजे जुन्या काळची मेमरी चिप. झुरळाएवढी (पाय मात्र अठ्ठावीस!), पाठीवर काचेची इवलीशी खिडकी. तिच्यात मजकूर एकदा भरला की भरला. बदलायचा तर त्या खिडकीवर अल्ट्राव्हायोलेट दिवा वीस मिनिटं धरायचा, सगळं पुसायचं आणि पुन्हा भरायचं. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. मी नेला चिप भरायचा डबा, पुसायचा दिवा आणि फ्लॉपीवाला कॉम्प्युटर. लग्न केलेलं नाही, त्यामुळे "हे कुठे ठेवणार?" असं विचारणारं घरात कुणी नव्हतं.

लालबागची खोली सोडून शांती नगरात आले त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत माझी बेल वाजवली ती दूधवाल्यानं, इस्त्रीवाल्यानं आणि एकदा एका गृहस्थांनी, चुकून. (फार चांगले होते. मी चहा विचारला, पण ते घाईत होते.) धाकटा भाऊ बाळू ठाण्यात असतो. दर रविवारी येणार असतो आणि दर रविवारी त्याचा फोन येतो, "ताई, घोडबंदरला काय ट्रॅफिक आहे गं!"

तर गेल्या महिन्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई!

"बेन, वो लॉबी का बोर्ड है ना, लाल अक्षरवाला? बंद पड गया. रिपेअरवाला बोलता है चिप पुराना है, अब मिलता नहीं. आप तो येहीच काम करती थीं ना?"

कुणाला तरी माझं काम होतं! मी त्यांना चहा, चकल्या आणि ईप्रॉमचा इतिहास दिला. चहा ते प्याले.

बोर्डाला चार मेसेज हवे होते, एकामागून एक फिरणारे: पाणी, लिफ्ट, मीटिंग आणि चौथा, "दुःखद निधन, चौकशी ऑफिसात". कुणी गेलेलं नसेल तेव्हा हा चौथा बटणानं बंद ठेवायचा. मी आधी चारही मेसेज घालून एक ट्रायलची चिप भरली. लांबलचक मजकूर बोर्डावर नीट पळतो का, ते बघायचं होतं. आता निधनाच्या मेसेजमध्ये दुसऱ्या कुणाचं नाव घालणार? मेहताभाईंचं? मी माझंच घातलं: "दुःखद निधन. शालिनी गावंड, डी-४०२. अंत्ययात्रा सायं. ४ वा." (चारला माझा चहा होतो, म्हणून चार.) मग खरी चिप भरली. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी!

सोमवारी सकाळी चिप बसवली. "आज पाणी दुपारी १२ पर्यंत" अशी लाल अक्षरं पळाली, मेहताभाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या तोऱ्यात उरलेले तीन मेसेज न बघताच उत्तनच्या बंदरावर बोंबील आणायला गेले. स्वतःलाच पार्टी! मोबाइल चार्जिंगला घरीच राहिला. चौथ्या मेसेजचं बटण चालू राहिलं. आणि खरी चिप? ती मी पुसायच्या दिव्याखाली ठेवून आले होते. ट्रायलची समजून!

मागे काय झालं ते नंतर कळलं. लोकांनी बोर्ड वाचला, माझी बेल वाजवली. दार बंद, आत फोन वाजतोय. कुणीतरी शंका काढली, "लेकिन मेसेज डाला किसने?" मेहताभाई डोळे पुसत म्हणाले, "बेन ने खुद. बहुत सिस्टेमॅटिक थीं." मग सोसायटीच्या फाइलमधून नंबर काढून त्यांनी बाळूला फोन केला आणि दार तो आल्यावरच उघडायचं ठरलं.

साडेतीनला मी फाटकात शिरले तर ही गर्दी! पांढरे कपडे, हळू आवाज. मी बोंबलांची पिशवी पाठीमागे लपवली आणि हात जोडून एका बाईशेजारी उभी राहिले.

"कौन गया?" मी विचारलं.

"चौथे माले पे एक आंटी थीं. अकेली रहती थीं. किसी से बात ही नहीं करती थीं बेचारी."

मला फार वाईट वाटलं. माझ्याच मजल्यावर अशी एक बाई राहत होती आणि मला पत्ता नव्हता! "ऐसे अकेला नहीं रहना चाहिए," मी म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. ते पुसायला चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि समोरून माझं नाव लाल अक्षरांत पळत गेलं.

तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली आणि त्यातून बाळू रडत उतरला. ठाण्याहून पन्नास मिनिटांत!

"ताई गेली हो माझी..." म्हणत तो माझ्याच खांद्यावर कोसळला, आणि मग थबकून त्यानं वास घेतला.

"ताई?"

"बोंबील आहेत. जेवूनच जा."

तो आधी ओरडला, मग हसला, मग पुन्हा रडला. मेहताभाईंनी बोर्डाची वायरच उपटली. बाळू मात्र रात्रीपर्यंत थांबला, आठ बोंबील खाल्ले आणि जाताना माझा हात धरून म्हणाला, "ताई, आता दर रविवारी येणार. नक्की!"

रविवारी मी त्याच्यासाठी परत बोंबील तळले. साडेबाराला फोन आला. मी म्हटलं, "हो रे, असणारच ट्रॅफिक."

एवढे बोंबील एकटीला कसे जाणार? डबा भरला आणि शोधत शोधत त्या शेजारी उभ्या राहिलेल्या बाईंचं दार गाठलं. सातव्या मजल्यावर राहतात. दार उघडून त्या दोन पावलं मागे सरकल्या, मग हसल्या.

"आइए, आइए आंटी! बैठिए. आप तो किसी से बात ही नहीं करतीं!"

मी बसले आणि अडीच तास बोलले.

हल्ली मी लिफ्टमध्ये दिसले की त्या सात मजले जिन्यानं चढतात.