शंभर सीसीचा सहदेव

जोगेश्वरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा सहदेव परब वयाच्या एकतिसाव्या वर्षी मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरायचं म्हणाला, तेव्हा घरात कोणी फारसं मनावर घेतलं नाही. वडील दत्ताराम गिरणी संपानंतर घरीच असायचे. त्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "ह्या वयात ह्यां काय सुचलां तुका?"  सहदेव मुळात बोलका माणूस नव्हता. अंगाने किडकिडीत, वजन एकोणपन्नास किलो. पोलीस भरतीतून छाती भरत नाही म्हणून परत आला होता, आणि कारखान्यात जड काम निघालं की फोरमन त्याला वगळून दुसऱ्याला हाक मारायचा. त्याची त्याला सवय झाली होती.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तो मद्रासजवळ शोलावरमला जाऊन शर्यती बघून आला. लढाईच्या काळातली विमानांची धावपट्टी, कडेला पेंढ्याचे भारे, आणि ऊन असं की डोक्यावरचा रुमाल दर तासाला भिजवावा लागे. दोन दिवस तो एकाच वळणावर उभा राहिला. लोक मोठ्या गाड्यांना टाळ्या वाजवत होते. तो मात्र कोण कुठे ब्रेक लावतो ते बघत होता.

परत आल्यावर मालाडला चंद्रप्रकाशच्या गॅरेजात बसून त्याने सगळं सांगितलं. चंद्रप्रकाश राणे त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गाडीचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा मेकॅनिक म्हणून ओर्लेमपर्यंत त्याचं नाव होतं.

"साडेतीनशे सीसीची घे," चंद्रप्रकाश म्हणाला. "मी इंजिन असं बांधून देतो ना, झकास. सरळ रस्त्यावर कोण जवळ येणार नाही."

"मला शंभरची पाहिजे. नवशिक्यांच्या वर्गात, आणि तीही स्टॉक. म्हणजे कंपनीतून आली तशीच गाडी."

"शंभरची? ती आपण बाजारात न्यायला घेतो रे."

सहदेवने मग सावकाश समजावलं. मोठ्या वर्गात इंजिन कोणी बांधलंय यावर निम्मा निकाल लागतो. बदल केलेल्या गाड्यांच्या वर्गात तर सगळाच. शंभर सीसीच्या स्टॉक वर्गात सगळ्यांकडे सारखीच ताकद. तिथे चालवणारा हलका असेल तर वळणातून बाहेर पडताना गाडी लवकर वेग घेते. "आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन माझ्या कामाला येतंय," तो म्हणाला. "आणि मला चालवता येतं की नाही, ते तिथेच कळेल. दुसरीकडे कळणार नाही."

"म्हणजे मी काय करायचं?"

"गाडी नीट ठेवायची. बास."

चंद्रप्रकाश हसला, पण त्याला ते लागलं.

कारखान्यातल्या एका साहेबाची बदली झाली, त्याची सहा महिने वापरलेली यामाहा सहदेवने घेतली. दर रविवारी उजाडताना तो आरे कॉलनीत जायचा. रस्ता रिकामा, फक्त तबेल्यांचे दूधवाले. एकदा गोठ्यातून वाहून आलेल्या शेणपाण्यावर चाक सरकलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली. त्याची बायको सुगंधा भगवती हॉस्पिटलात परिचारिका होती. तिने जखम धुतली, पट्टी बांधली आणि विचारलं, "तिकडे मद्रासला शेण नसतं ना?"

"नसतं."

"मग जा तुम्ही. पण जाड कातड्याचे हातमोजे घेतल्याशिवाय नाही."

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत गाडी शेवटची तपासायला म्हणून आठवडाभर चंद्रप्रकाशकडे राहिली. मग पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून ती दादरहून मद्रासच्या गाडीच्या पार्सल डब्यात चढली. दोघेही मागोमाग गेले.

त्या वर्गात एकोणीस जण होते. सहदेव बाराव्या जागेवरून सुटला. पहिल्या दोन फेऱ्यांत त्याने कोणालाच ओलांडलं नाही. तिसरीपासून इतरांपेक्षा थोडा उशिरा ब्रेक लावून तो दर वळणावर एकेक गाडी मागे टाकत गेला. सरळ पट्टीवर गाडी सरावापेक्षा जास्त पळतेय असं त्याला वाटलं, पण ते वाऱ्यामुळे असेल म्हणून त्याने सोडून दिलं. तो तिसरा आला. त्याने हेल्मेट काढलं. चंद्रप्रकाशने त्याला अक्षरशः उचललं.

नियमाप्रमाणे पहिल्या तिघांची इंजिनं उघडायची होती. तपासनीस पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. त्यांनी सहदेवच्या गाडीचं सिलिंडर काढून उजेडात धरलं, त्यातून धूर बाहेर जायच्या खिडकीवरून बोट फिरवलं, आणि सिलिंडर सहदेवच्या हातात दिलं. कडेला कानस मारून खिडकी मोठी केलेली होती; त्याने इंजिनाची ताकद वाढते, आणि स्टॉक वर्गात ते चालत नाही. धातू चकचकत होता. लेथवर तेरा वर्षं काढलेल्या माणसाला ते सांगायची गरज नव्हती.

सहदेवने मागे पाहिलं. चंद्रप्रकाश जमिनीकडे बघत होता.

"हे कोणी केलं?" तपासनिसांनी इंग्रजीत विचारलं.

"गाडी माझी आहे," सहदेव म्हणाला. कागदावर त्याने सही केली. नाव निकालातून कापलं गेलं.

परतीच्या प्रवासात गुलबर्गा मागे पडलं. मग चंद्रप्रकाश म्हणाला, "दोन केसाएवढंच मारलं रे. तू जिंकावंस असं वाटलं."

"माहीत आहे."

"मग शिव्या दे ना."

"मी तिसरा आलो की नाही, ते आता मला कधीच कळणार नाही," सहदेव म्हणाला. आवाज चढला नव्हता. 

दोस्ती मोडली नाही. सहदेव पूर्वीसारखाच मालाडला जायचा, चहा घ्यायचा. गाडी मात्र आता त्याच्या घराच्या ओट्यावर असायची. त्याने नवं सिलिंडर आणलं आणि इंजिन स्वतः बांधलं. सांध्यातलं गॅस्केट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. चंद्रप्रकाशला त्याने काही विचारलं नाही, आणि चंद्रप्रकाशनेही आपणहून काही सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशीला तो एकटाच गेला. तोच वर्ग, या वेळी बावीस गाड्या. सहदेव सहावा आला. गाडी घेऊन तो सरळ तपासणीच्या मंडपात गेला. मागच्या वर्षीचेच गृहस्थ बसले होते.

"सहावा नंबर? सहाव्याची गाडी उघडत नाहीत," ते म्हणाले.

"उघडलीत तर बरं होईल."

त्यांनी त्याला ओळखलं. मग पाना उचलला. सिलिंडर काढलं, मापं घेतली, दोनदा बघितलं आणि ठीक आहे म्हणून मान डोलावली. नोंद करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी काही लिहिलं नाही.

आठवड्याने तो मालाडला गेला. चंद्रप्रकाश एका स्कूटरखाली आडवा पडला होता.

"कितवा?" त्याने तिथूनच विचारलं.

"सहावा."

 मग चंद्रप्रकाश बाहेर आला, हात पुसले. "पुढच्या पाचांत तुझ्यापेक्षा हलके किती होते?"

"दोघं."

"आणि बाकीचे तिघं?"

"ते माझ्यापेक्षा चांगले चालवतात," सहदेव म्हणाला आणि त्यांनी तिसरं वळण कसं घेतलं ते बोटाने जमिनीवर काढून दाखवू लागला.