रविराजच्या जिभेचं तिखट

चाकणच्या गेस्ट हाउसमध्ये कस्तुराबाईंनी नऊ वर्षं कोरियन साहेबांसाठी पोर्क परतलं आणि एकदाही चाखलं नाही. त्यांचे वडील कारखान्यात कामाला लागले, तेव्हाच त्यांनी घरातून हे मटण बंद केलं होतं. दापोडीच्या त्यांच्या गल्लीत बऱ्याच घरांनी तसंच केलं. कुणी शपथ घातली नव्हती, पण एकदा उंबऱ्याबाहेर गेलेलं परत आत आलं नाही. कस्तुराबाई तेव्हा जन्मायच्या होत्या.

चाखायचं काम रविराज करायचा. तो गेस्ट हाउसचा ड्रायव्हर, राजगुरुनगरकडचा. साहेबांना कंपनीत सोडून आला की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तळहात पुढे करायचा. बाई उलथन्यावरचा एक तुकडा त्यावर ठेवायच्या.

"ताई, हे काय बाळंतिणीला देतीस का? मार अजून एक चमचा."

बाई मारायच्या. रविराजच्या डोळ्यांत पाणी आलं की गॅस बंद. साहेब लोक मान खाली घालून, न बोलता जेवायचे. ताटल्या रिकाम्या यायच्या. चांगलं झालं की वाईट, हे कुणी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. विचारायला भाषा नव्हती.

मग कंपनीचं चाकणचं काम संपलं. साहेब एकेक करून परत गेले. शेवटचे युन साहेब. त्यांनी दारात कमरेत वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसले. गेस्ट हाउसला कुलूप लागलं. रविराजनं टॅक्सी घेतली. कस्तुराबाई दापोडीच्या खोलीवर आल्या. फ्रिजमध्ये गोचुजांगचा अर्धा डबा उरला होता. तिखटाची आंबवलेली ती लाल चटणी टाकून द्यायची नाही म्हणून त्यांनी तो सोबत आणला.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नांदेडला दिलेली. सकाळी भांडी घासून झाली की दुपार कुठे ठेवायची हे बाईंना कळेना. पगारापेक्षा दिवसच जास्त अडचणीचा झाला होता.

पावसाळा सरता सरता सलोनी नावाच्या मुलीचा फोन आला. मोशीला नवीन गेस्ट हाउस सुरू झालंय, ती तिथं कोरियन दुभाषी आहे. "सोमवारी ट्रायलला या. पार्क साहेब स्वतः चाखतील. जेयुक बोक्कम करायचं, ते तिखट पोर्क. जमलं तर काम तुमचं."

कस्तुराबाईंनी रविवारी घरीच एकदा करून बघायचं ठरवलं. हात सुटला असेल, अशी भीती होती.

पिंपरीच्या बाजारात दुकानदारानं सवयीनं रश्श्याचे तुकडे करायला सुरी उचलली. बाई म्हणाल्या, "तुकडे नको. पातळ काप. कागदासारखे."

"मावशी, डुकराचे वेफर करायचेत का?"

"जमत नसेल तर अख्खं दे. मी करते."

त्यानं अख्खं दिलं. घरी बाईंनी ते फ्रीझरमध्ये अर्धवट कडक होऊ दिलं आणि मग पातळ कापलं. पूर्ण गोठलं तर सुरी चालत नाही, मऊ राहिलं तर काप फाटतात. लसूण, आलं, सोया सॉस, साखर, किसलेलं सफरचंद, गोचुजांग, वरून जाडसर तिखट. हातानं चोळून झाकून ठेवलं. गॅस मोठा करून लोखंडी कढई तापवली. आधी मटण, मग कांदा, कोबी, शेवटी कांद्याची पात आणि तिळाचं तेल. हात काहीच विसरला नव्हता. कढईतून लाल, गोडसर धूर उठला आणि खोलीभर झाला.

गॅस बंद करायच्या आधी त्या उलथनं घेऊन दाराकडे वळल्या. दारात कुणी नव्हतं.

त्यांनी रविराजला फोन लावला. दापोडीकडे येणार असशील तर ये, एवढंच सांगायचं होतं.

"ताई, मी माळ घातली की! श्रावणापासून. अंडंसुद्धा न्हाई."

"तू?"

"व्हय. बायकोनं लावलं बघ नादाला. तू कशीयेस?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या. पलीकडून हॉर्न ऐकू आला आणि फोन बंद झाला.

एवढ्यात शेजारच्या कुसुमताई पदरानं नाक झाकून दारात आल्या. "कशाचा वास गं?"

"कामाचा. उद्या ट्रायल आहे. जरा चाखता का? मीठतिखट सांगा फक्त."

"काय आहे?"

बाईंनी सांगितलं. कुसुमताई दोन पावलं मागे सरल्या. "सासऱ्यांनी घरातून बंद केलेलं, त्यांच्याच फोटोखाली बसून मी हे खाऊ? कस्तुरा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" त्या गेल्या. बाईंना त्यांचं दार लावल्याचं ऐकू आलं आणि मागोमाग खिडकीचंही.

कढई गार होत होती. पार्क साहेबांपुढे न चाखता ठेवायचं, की स्वतः चाखायचं, एवढंच उरलं होतं. कस्तुराबाईंनी लहानसा काप उचलला आणि तोंडात टाकला.

आधी गोड लागलं. मग लसूण. मग तिखट आलं आणि थांबेचना. कानशिलं तापली, ठसका लागला, डोळे गळायला लागले. पाठीवर थापटायला कुणी नव्हतं. त्यांनी ओट्याला धरून खोकून घेतलं आणि माठातलं पाणी प्यायल्या.

ठसका ओसरल्यावर जे कळलं ते तिखटापेक्षा वाईट होतं. ही रविराजची जीभ होती. हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीबरोबर भाजीसारखा खाणाऱ्या माणसाची. नऊ वर्षं परक्या देशातली माणसं हे खात होती. युन साहेब जेवताना टक्कल पुसायचे, भात पुन्हा मागायचे. बाई समजायच्या, आवडलं. ती माणसं बिचारी भातानं आग विझवत होती. सांगायला त्यांच्याकडे भाषा नव्हती, आणि कदाचित तक्रार करायची पद्धतही नसेल.

फ्रीझरमध्ये उरलेल्या कच्च्या मटणाचं त्यांनी पुन्हा केलं. तिखट निम्म्यावर आणलं, सफरचंद वाढवलं. दर थोड्या वेळानं चाखलं. ते छान झालं. सगळं मऊ, बेताचं. भाताबरोबर थोडं खाल्लंसुद्धा, भिंतीकडे तोंड करून.

सोमवारी मोशीला त्यांनी तेच केलं. पार्क साहेब एकटेच टेबलाशी बसले. दोन घास खाल्ले, सलोनीशी बराच वेळ बोलले. सलोनी स्वयंपाकघरात आली.

"चांगलं आहे म्हणतात. पण असं तर सगळीकडे मिळतं."

"मग?"

"युन साहेब त्यांचे मित्र आहेत. त्यांनी तुमचं नाव दिलंय. सांगितलंय, चाकणला एक बाई होत्या, त्यांच्या हातचं पोर्क खाऊन माणूस रडतो आणि पुन्हा भात मागतो. घरी परत जाऊन तीन हॉटेलं पालथी घातली, तसं मिळालं नाही. पार्क साहेबांना ते हवं होतं."

कस्तुराबाईंनी ओट्यावरची कढई पुढे ओढली. मग त्यांनी सलोनीला विचारलं, "मटण अजून आहे?"

"आहे. पण दुपारी त्यांना मीटिंग आहे."

"वेळ नाही लागायचा."

कढई पुन्हा तापली. या वेळी त्यांनी एकेक चमचा तिखट टाकत स्वतःच चाखलं. कालचा ठसका आठवला, तिथपर्यंत नेलं आणि वर आणखी एक चमचा टाकला. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा गॅस बंद केला.

बाहेरून खोकल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा. मग सलोनी रिकामी वाटी घेऊन आत आली. "भात द्या. आणि एक तारखेपासून या."

"येते."

सलोनी गेल्यावर कस्तुराबाईंनी मोबाइल हातात घेतला. ही गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी होती. मुलीला सांगितलं असतं तर आधी तिला विचारावं लागलं असतं, सासू जवळ आहे का. कुसुमताईंना सांगण्यासारखं नव्हतंच. रविराज आनंदानं हसला असता, पण माळ घातलेल्या माणसाला काय सांगायचं, की तुझ्या जिभेनं मला काम दिलं, आणि कशाचं?

त्यांनी मोबाइल पिशवीत टाकला. कढईच्या तळाला साखर आणि तिखट करपून धरलं होतं. गरम पाणी ओतून ती त्यांनी भिजत ठेवली आणि स्टुलावर बसून राहिल्या.